देवळाचा शिक्का कुठल्या गावाचा?

टपालाच्या शिक्क्याला मुळात दोनच गोष्टी सांगायच्या असतात: पत्र कुठे टाकले आणि कोणत्या दिवशी. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर काळी शाई उमटवण्याचे तिसरे काम तो ओघानेच करून टाकतो. सचित्र शिक्क्यात गावाचे नाव, पिन कोड आणि तारीख यांच्या सोबतीला एखाद्या देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज किंवा स्थानिक कलाकुसरीचा नमुना येतो. ठरावीक टपाल कार्यालयांत असा शिक्का कायम ठेवलेला असतो आणि कामाच्या कोणत्याही दिवशी मागितला की मिळतो, म्हणूनच समारंभापुरत्या, एका दिवसासाठी निघणाऱ्या विशेष शिक्क्यापेक्षा तो मला अधिक मोलाचा वाटतो. आम्ही संग्राहक त्याला ‘परमनंट पिक्टोरियल कॅन्सलेशन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पीपीसी म्हणतो. अलीकडे देवळांचे आणि प्रादेशिक वारशाचे शिक्के जमवणाऱ्यांची एक वेगळी शाखाच तयार झाली आहे, आणि गोव्यातल्या देवळांचे असे शिक्के अधिक संख्येने निघावेत अशी मागणी आमच्या बैठकांत हटकून होते. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. मात्र ती मांडताना एक मूलभूत प्रश्न आपण विचारतच नाही, असे मला वाटते. शिक्का ‘कुठे’ हे सांगतो. आणि गोव्यातल्या अनेक मोठ्या देवळांच्या बाबतीत ‘कुठे’ या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत.

फोंडा तालुक्याच्या नकाशावर बोट ठेवून पाहा. म्हणजे जुन्या अंत्रुज महालाच्या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, बांदोडा ही नावे गोव्याबाहेरच्या मराठी माणसालाही तोंडपाठ असतात आणि ही सगळी देवस्थाने अनादी काळापासून इथेच असावीत असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात श्रीमंगेश इथे आला तो जुवारी नदीपलीकडच्या कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून. म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून, महालक्ष्मी कोलव्याहून. सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी आपली दैवते उचलून नदीपार नेली, कारण अंत्रुज त्या वेळी आदिलशाहीत होता आणि 1763 पर्यंत पोर्तुगिजांच्या हाती लागला नव्हता. मंगेशाच्या स्थलांतराचे साल 1560 सांगितले जाते. फोंड्यातली साफा मशीद बांधली गेल्याचे सालही तेच दिले जाते, ही गोष्ट जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुसलमान राजवटीच्या मुलखात हिंदू दैवताला आसरा मिळत होता आणि त्याच मुलखात मशीदही उभी राहत होती. अपवाद अर्थातच आहेत. बांदोड्याचा नागेश जागचा हललेला नाही, आणि तांबडी सुर्लचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ रानात आडबाजूला असल्यामुळे वाचले.

दैवते हलली तेव्हा काही वेळा नावेही त्यांच्याबरोबर हलली. म्हार्दोळ हे नाव आज प्रियोळच्या परिसरात नांदते, पण वेर्ण्याला देवीच्या मूळ स्थानाला अजूनही जुने म्हार्दोळच म्हणतात. फातर्प्याची शांतादुर्गा तर आपला जुना पत्ता नावातच मिरवते: ती कुंकळ्ळीकरीण. देवीने गाव सोडले, पण आपण ज्याला आडनाव म्हणतो ते तिने सोडले नाही. माणसांचेही तेच झाले. ज्या मंगेशीवरून मास्टर दीनानाथांनी मंगेशकर हे आडनाव घेतले, त्या गावाला हे नाव नदी ओलांडून आलेल्या देवानेच दिले आहे. 1993 साली दीनानाथांवर टपाल तिकीट निघाले, तेव्हा अप्रत्यक्षपणे का होईना, हे नाव तिकिटावर छापले गेले.

माझ्या संग्रहात एक जुना लिफाफा आहे. त्याची बाजारातली किंमत शून्य असेल, पण तो मी कुणाला देणार नाही. मुंबईला नोकरीच्या शोधात खोल्या बदलत फिरणाऱ्या एका नातेवाइकाला पाठवलेले ते पत्र. पुढच्या बाजूला मूळ पत्ता निळ्या शाईने लिहिलेला, त्यावर पोस्टमनने लाल पेन्सिलीने मारलेली आडवी रेघ आणि बाजूला तिरक्या अक्षरात नवा पत्ता. मागे उलटून पाहिले की एकावर एक चढलेले चार शिक्के दिसतात. पूर्वी पत्र पोहोचल्या ठिकाणीही पाठीवर शिक्का मारत असत, त्यामुळे ते कुठून कुठे आणि किती दिवसांनी गेले हे सगळे वाचता येते. आत कागद नाही. कुणी काय लिहिले होते ते कायमचे गेले आहे, पण प्रवास मात्र शाबूत आहे. अंत्रुजातली देवळे मला या लिफाफ्यासारखी वाटतात, आणि आपण त्यांच्यावर शिक्के काढू म्हणतो तेव्हा फक्त शेवटचा पत्ता छापतो.

म्हणून माझा आग्रह असा की गोव्यात देवळाचा सचित्र शिक्का निघेल तेव्हा शक्य तिथे तो जोडीने निघावा: मंगेशीसाठी एक आणि कुठ्ठाळीसाठी एक, म्हार्दोळला एक आणि वेर्ण्याला एक, कवळ्याला आणि केळशीला, रामनाथीला आणि लोटलीला, दामोदरासाठी जांबावलीला आणि त्याच्या मूळ मडगावला, फातर्प्याला आणि कुंकळ्ळीला. दिवाडी बेटावरून सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि तिथे शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला. तिथेही हीच जोडी हवी. मूळ गावाच्या शिक्क्यावर चित्र कसले काढायचे, असे मला विचारले जाते, कारण काही ठिकाणी तर पाहण्यासारखे काहीच उरलेले नाही. माझे उत्तर असे की जे आहे तेच काढावे. तळी असेल तर तळी, वड असेल तर वड, नदीचा धक्का असेल तर धक्का, नव्याने उभारलेले देऊळ असेल तर ते. मूळ देऊळ कसे दिसत असेल याची कल्पना करून एखादे भव्य शिखर रेखाटण्याचा मोह मात्र कुणी करू नये. शिक्क्यावर आजची तारीख असते, आणि आजच्या तारखेशेजारी काल्पनिक चित्र उमटवणे ही नोंद खोटी करण्यासारखी गोष्ट आहे.

यावर येणारा गंभीर आक्षेप असा की अशा जोडीच्या शिक्क्यांनी साडेचारशे वर्षांपूर्वीची जखम पुन्हा उघडी पडेल आणि ज्या गावांत आज बहुसंख्य ख्रिस्ती आहेत तिथे विनाकारण कटुता येईल. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. पण गोव्यातल्या माणसांनी ही आठवण स्वतः कशी सांभाळली आहे ते पाहिले तर टपाल खात्याने बिचकावे असे काही मला दिसत नाही. मडगावचे लोक दर वर्षी गुलालासाठी जांबावलीला जातात आणि कार्तिकात दामोदराची दिंडी मडगावात निघते. फाल्गुनात कुंकळ्ळीकरिणीची पालखी फातर्प्याहून तिच्या मूळ गावी परत येते, बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरी घराण्यांच्या, बारा सोत्र्या, म्हणजे छत्र्या, नाचवल्या जातात, आणि कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरी त्यात सामील होतात, कारण गावकरीचे नाते धर्मांतराने पुसले गेले नाही. दोन्ही गावे एकाच कहाणीत आहेत हे लोकांनी मान्य केले आहे. उलट फक्त नव्या स्थानाचा शिक्का काढून मूळ गावाचे नावच न घेणे, ही मला जास्त खटकणारी गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. सरकारी खात्याने देवळाचे चित्र आपल्या शिक्क्यावर का घ्यावे? इथे मला 15 ऑगस्ट 1949 ची तिकिटांची मालिका आठवते. स्वतंत्र भारताने रोजच्या वापरासाठी काढलेल्या त्या सोळा तिकिटांवर भुवनेश्वरचे आणि खजुराहोचे देऊळ होते, सांचीचे तोरण आणि बोधगयेचे मंदिर होते, शत्रुंजयाचे जैन मंदिर, अमृतसरचे सुवर्णमंदिर, विजापूरचा गोल घुमट, कुतुबमिनार आणि ताजमहाल होता. ज्या वर्षी संविधान लिहून पूर्ण झाले त्या वर्षी कुणालाही या चित्रांत धर्मनिरपेक्षतेला धोका दिसला नाही, याचे कारण निवडीची कसोटी. ही सगळी स्थळे पुरातत्त्वाच्या, शिल्पाच्या नजरेने घेतली होती, भक्तीच्या नजरेने नव्हे. त्याउलट पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटे काढून पाहा. 1871 पासून गोवा मुक्तीपर्यंतच्या नव्वद वर्षांत वास्को द गामा दिसतो, संत फ्रान्सिस झेवियर दिसतो, राज्यकर्त्यांना मिरवावेसे वाटले ते सगळे दिसते. रयतेतला मोठा भाग ज्या देवळांत जात होता त्यांना तिथे जागा नव्हती. 19 डिसेंबर 1961 नंतर अवघ्या दहा दिवसांत गोव्यात भारतीय तिकिटे आली आणि जुनी तिकिटे 5 जानेवारी 1962 पर्यंत चालली. त्या आठवड्याभराचे लिफाफे संग्राहकांना हवेहवेसे वाटतात ते केवळ दुर्मीळ म्हणून नाही. ज्या देशाने 1974 मध्ये झेवियरच्या शवप्रदर्शनानिमित्त तिकीट काढले त्या देशाच्या टपाल खात्याने म्हार्दोळची समई किंवा कवळ्याचे तळे शिक्क्यावर घेतले तर त्यात काही वावगे नाही, आणि त्याच न्यायाने साफा मशिदीचाही शिक्का फोंड्यात असावा असे मी म्हणेन. ती मागणी करणारा संग्राहक मात्र मला अजून भेटायचा आहे.

चित्राचा विषय ठरला तरी चित्र कसे असावे हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गाभाऱ्यातली मूर्ती शिक्क्यावर घेऊ नये असे मला ठामपणे वाटते. शिक्का हे ठोकण्याचे साधन आहे, लिफाफे फाटतात, रद्दीत जातात, पायदळी येतात. भाविकाला हे बोचणारच. शिवाय बहुतेक देवळांत गाभाऱ्याचे छायाचित्र घेऊ देत नाहीत, ती मर्यादा खात्यानेही पाळावी. गोव्याच्या देवळांत चित्रासाठी इतके काही आहे की मूर्तीची गरजच नाही. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ घ्या. त्याच्या प्रत्येक मजल्यावर कमानीचे कोनाडे आहेत आणि तो रात्री पणत्यांनी उजळतो तेव्हा आणि भर दुपारी पांढरा फटफटीत उभा असतो तेव्हा, दोन्ही वेळा त्याची बाह्यरेषा तितकीच स्पष्ट असते. गाभाऱ्यावरचा, ढोलासारख्या अष्टकोनी बैठकीवरचा घुमट घ्या, नगारखाना घ्या, अंगणाभोवतीच्या अग्रशाळा, म्हणजे यात्रेकरूंच्या खोल्या, घ्या. घुमट पाहून ‘हे देऊळ कसले, चर्च वाटते’ असे म्हणणारे पाहुणे दर मोसमात भेटतात. त्यांना शिक्क्यावरचा घुमटच उत्तर देईल.

आजकाल छायाचित्र संगणकावर घेऊन त्याचा काळा-पांढरा ठसा बनवतात. पडद्यावर ते छान दिसते, पण बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत रबरावर उतरले की बारीक छटा एकमेकांत मिसळतात आणि कागदावर उमटते ती शाईची चिखलट. एकाच शाईत, रेषेच्या बळावर चित्र उभे करण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. तिचे नाव कावी. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजाचा तांबडा थर द्यायचा, आणि तो ओला असताना लोखंडी अणीने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. तांबडे आणि पांढरे एवढे दोनच रंग, छटा नाहीत, माफी नाही. मोरजीच्या मोरजाई देवळात कावीकाम पाहता येते. भिंतीच्या जवळ जाऊन पाहिले तर अणी कुठे टेकली, कुठे वळली आणि वेलाचे टोक काढताना कारागिराने हात कुठे उचलला हेदेखील कळते. शिक्क्याच्या ठशाला नेमकी हीच शिस्त लागते. गोव्याच्या देवळांचे शिक्के कावीच्या रेषेत काढून घेतले, आणि त्यासाठी ही कला जाणणाऱ्या चार हातांना काम दिले, तर शिक्का वारशाचे नुसते चित्र राहणार नाही. त्याची रेषाच वारशातून आलेली असेल.

अक्षरांचेही तसेच. गावांची नावे आधी पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगमध्ये गेली आणि तिथून ती देवनागरीत परत आणताना फोंड्याचे पोंडा होते. शिक्क्यावर गावाचे नाव गावकरी उच्चारतात तसे असावे, एवढे पाहायला एक माणूस आणि एक फोन पुरेसा आहे.

चांगला ठसा बनला तरी तो उमटवणारा हात लागतो. गोव्याबाहेरच्या एका टपाल कार्यालयात, कुठल्या ते सांगत नाही, मी चार लिफाफे घेऊन गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी सौजन्याने ऐकून घेतले, मग सचित्र शिक्का शोधायला अर्धा तास गेला. तो सापडला कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या पावती पुस्तकांखाली. तारखेचे आकडे मागच्या वर्षात अडकलेले. शाईची गादी सुकलेली म्हणून तिच्यावर बाटलीतून शाई ओतली गेली, आणि पहिल्या लिफाफ्यावर कळसासकट सगळे देऊळ बुडाले. दुसऱ्यावर अर्धेच उमटले. तिसऱ्या वेळी मी खिशातले वर्तमानपत्र घडी करून लिफाफ्याखाली ठेवले, त्या बाईंना सांगितले की आपटू नका, टेकवा आणि दाबा, आणि ठसा असा स्वच्छ आला की त्यांनीच तो उचलून उजेडात धरला. चौथा त्यांनी न सांगता तसाच मारला. यात कुणाचा आळस नव्हता. त्या कार्यालयाला शिक्का मिळाला होता, अनावरणाचा फोटोही बहुधा कुठे तरी असेल, पण तो वापरायचा असतो हे कुणी सांगितले नव्हते. नवा शिक्का देताना सोबत नवी गादी, रबराची चटई आणि दहा मिनिटांचे प्रशिक्षण द्यावे, आणि खिडकीवर ‘येथे सचित्र शिक्का मिळतो’ अशी पाटी लावावी, ही मागणी मला नव्या दहा शिक्क्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

निवड कुणी करायची, हा मुद्दा गोव्यात नाजूक आहे. इथली देवस्थाने 1933 च्या कायद्यानुसार महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासद घराण्यांच्या, ताब्यात चालतात, आणि विशेष लिफाफे बहुधा शुल्क भरणाऱ्या संस्थेच्या मागणीवरून निघतात. कायमच्या शिक्क्यालाही तोच रस्ता लागला तर श्रीमंत देवस्थानांचे शिक्के निघतील आणि गावोगावची सातेरी, रवळनाथ, बेताळ मागेच राहतील. सातेरी म्हणजे रोयण, मातीचे वारूळ. तिला कळस नाही, दीपस्तंभ नाही, देणगीदारांची संगमरवरी पाटी नाही. पण गोव्याची म्हणून जी काही धर्मभावना आहे तिचा सगळ्यात जुना थर तिथे आहे, आणि वारुळाची ती ओबडधोबड आकृती शिक्क्यावर किती सुंदर दिसेल! टपालाच्या व्यवस्थेत गोवा महाराष्ट्र परिमंडळात येतो. तिथे प्रस्ताव पाठवण्याआधी पंचायत, पुरातत्त्व खाते आणि आम्हा संग्राहकांपैकी कुणी एक असे तिघे एकत्र बसले आणि खर्च खात्याने उचलला, तर यादी पैशावरून ठरणार नाही.

आता पत्रेच कोण लिहितो, मग हा खटाटोप कशाला, असे घरातली मंडळीसुद्धा विचारतात. 2025 मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, पाकिटांवर बारकोडची पट्टी चिकटते आणि हाताने मारलेला शिक्का दिसेनासा होत चालला आहे, हे खरेच आहे. आम्ही संग्राहक स्वतःलाच पत्रे पाठवतो, यात थोडा वेडेपणा आहे हेही मान्य. पण देवळात येणाऱ्या हजारो लोकांपैकी काहींना तरी तिथून घरी एक पोस्टकार्ड टाकावेसे वाटेल अशी सोय कुणी केलेलीच नाही. दुकानांत प्लास्टिकच्या फ्रेमा मिळतात, पोस्टकार्ड मिळत नाही आणि पेटी कुठे आहे ते सांगणाराही भेटत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी एकाच दिवशी दोन कार्डे टाकली. सकाळी कुठ्ठाळीला टपाल कार्यालयात पहिले, मग बसने फोंड्याच्या वाटेला लागून दुपारी म्हार्दोळला दुसरे. दोन्हींवर माझाच पत्ता, मजकूर एका ओळीचा: आज इथून निघालो, आज इथे पोहोचलो. दोन्ही शिक्के साधे, गोल, चित्र नसलेले. संग्रहात ती एकाच पानावर शेजारी लावली आहेत आणि प्रत्येकाच्या खाली एका लिफाफ्याएवढी जागा मोकळी ठेवली आहे.